लक्षण, नोंद आणि निरीक्षक : मानसशास्त्रीय निरीक्षणपद्धतीच्या दृष्टीने ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय व महानुभाव लीळाग्रंथ

सारांश

मनातील गुण डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते वर्तन. या वर्तनावरून गुणाचे अनुमान करणे हा मानसशास्त्रीय निरीक्षणपद्धतीचा गाभा आणि तिची मुख्य अडचणही आहे. नेवासे येथे सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे वर्तनाच्या भाषेत मांडली आहेत. त्याच शतकातील लीळाचरित्र व ऋद्धिपूरलीळा या महानुभाव ग्रंथांत प्रत्यक्ष वर्तनाच्या नोंदी आहेत. पहिल्या ग्रंथात लक्षण आहे, नोंद नाही. दुसऱ्या परंपरेत नोंद आहे, पण निरीक्षक तटस्थ नाही. या दोन्हींची निरीक्षणपद्धतीच्या निकषांवर चिकित्सा करून, मराठीतून मानसशास्त्र शिकविताना त्यांचा उपयोग कोणत्या मर्यादेत करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : निरीक्षण, वर्तनलक्षण, कार्यात्मक व्याख्या, दंभ, नोंद, निरीक्षक.

१. प्रास्ताविक

महाविद्यालयीन मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात संशोधनपद्धतींच्या घटकाखाली निरीक्षणपद्धतीला एक प्रकरण ठरलेले असते. व्याख्या, प्रकार, गुण आणि मर्यादा अशा चार मथळ्यांत ते बहुधा आटोपते. प्रत्यक्ष प्रकल्पाची वेळ आली की प्रश्नावली किंवा तयार शोधिका हाती घेतली जाते. प्रश्नावली एका तासात शंभर जणांकडून भरून घेता येते. निरीक्षणाला दिवस लागतात, संयम लागतो, आणि मुख्य म्हणजे काय पाहावयाचे हे आधी ठरवावे लागते. शेवटची अट सर्वांत कठीण आहे. ‘नम्रता’ किंवा ‘आक्रमकता’ पाहण्यासाठी निघालेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळते की नम्रता कोठेच दिसत नाही. कोणी वाकतो, कोणी गप्प बसतो, कोणी मागच्या बाकावर जातो, एवढेच दिसते.

या अडचणीवर मराठीत विचार झालेला नाही असे समजून सर्व उदाहरणे परदेशी पाठ्यपुस्तकांतून घेण्याची एक सवय आहे. तिच्या उलट, आधुनिक शास्त्रात जे काही आहे ते सर्व आपल्या ग्रंथांत पूर्वीच सांगितलेले आहे, असे म्हणून ग्रंथ मिटून ठेवण्याचीही सवय आहे. दोन्हींत ग्रंथ वाचला जात नाही. पहिल्या सवयीत तो उघडलाच जात नाही आणि दुसऱ्या सवयीत त्याची पूजा होते. ज्ञानेश्वरीला आधुनिक अर्थाने मानसशास्त्राचा ग्रंथ म्हणता येणार नाही. परंतु अंतरंगातील गुण बाहेरून कसा ओळखावा, हा प्रश्न तिने इतक्या तपशिलाने हाताळला आहे की निरीक्षणपद्धती शिकविणाऱ्याला तो टाळून पुढे जाणे परवडू नये.

२. निरीक्षणपद्धतीच्या तीन अटी

शास्त्रीय निरीक्षण आणि सहज पाहणे यांत तीन गोष्टींचा फरक आहे. पहिली गोष्ट लक्षणाची. ज्या गुणाचा अभ्यास करावयाचा त्याची कार्यात्मक व्याख्या हवी, म्हणजे कोणते वर्तन दिसले असता तो गुण मानावयाचा, हे आधी निश्चित हवे. मेरी पार्टेन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालवाडीतील मुलांच्या अभ्यासात ‘सामाजिक सहभाग’ या संदिग्ध कल्पनेचे सहा वर्ग पाडले : रिकामे असणे, एकट्याने खेळणे, दुसऱ्याचा खेळ पाहत राहणे, शेजारी बसून आपापला खेळ खेळणे, मिळून खेळणे आणि सहकार्याने खेळणे. प्रत्येक मुलाला एकेक मिनिट पाहून त्या वेळचे वर्तन यांपैकी एका वर्गात टाकावयाचे, अशी ती रीत होती. कल्पना जुनीच होती. ती मिनिटाच्या आणि वर्गाच्या मापात बसविणे हे पार्टेन यांचे काम.

दुसरी गोष्ट नोंदीची. जे दिसले ते त्याच वेळी किंवा शक्य तितक्या लवकर लिहिले जावे. दुसऱ्या निरीक्षकाला तेच दिसले की नाही हे ताडून पाहता यावे. दोन निरीक्षकांतील मतैक्य निव्वळ योगायोगाने किती आले असते हे वजा करून मोजण्याचा गुणांक जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडला तो याच गरजेतून.

तिसरी गोष्ट निरीक्षकाची. निरीक्षक कोठे उभा आहे, त्याची अपेक्षा काय आहे, त्याच्या उपस्थितीने वर्तन बदलते काय, हे प्रश्न टळत नाहीत. एका गुणाने प्रभावित झालेला निरीक्षक इतर गुणही चांगलेच पाहतो, हा वलय परिणाम पदनिश्चयन श्रेणी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. लक्षण, नोंद आणि निरीक्षक या तीन अटींवर पुढील ग्रंथांची तपासणी करावयाची आहे.

३. तेराव्या अध्यायातील लक्षणविचार

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे हे प्रवरेच्या काठचे गाव. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी येथे गीतेवरील भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी परंपरा आहे. ज्या खांबाला टेकून हे निरूपण झाले असे मानतात तो ‘पैस’ आजही येथे आहे.

अंतरंग बाहेरून कसे ओळखावे हा प्रश्न गीतेतच तीनदा येतो. दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाविषयी विचारतो ते त्याच्या बोलण्याविषयी, बसण्याविषयी आणि चालण्याविषयी. त्याची मनःस्थिती काय, असा प्रश्न तो करीत नाही. चौदाव्या अध्यायात गुणातीत पुरुष कोणत्या खुणांनी ओळखावा असे तो विचारतो. तेराव्या अध्यायातील सातव्या ते अकराव्या श्लोकांत अमानित्वापासून आरंभ करून ज्ञानाची लक्षणे येतात. मूळ श्लोक पाच. त्यांत गुणांची केवळ नावे आहेत. ज्ञानेश्वरांनी त्यांचा जो विस्तार केला तो या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

या विस्ताराच्या प्रारंभी त्यांनी आपली भूमिका सांगितली आहे. ज्ञान स्वतः दिसत नाही. परंतु ते हृदयात आले की देहावर त्याच्या खुणा उमटतात. जमिनीचे मार्दव कोंभाच्या लवलवीवरून कळते, केळीतील कापूर सुगंधावरून कळतो, काचेत ठेवलेल्या दिव्याचा उजेड बाहेर फाकतो. अप्रत्यक्षाचे अनुमान प्रत्यक्षावरून करण्याचे हे सूत्र आहे आणि आधुनिक मानसशास्त्रातील ‘रचना’ व ‘निदर्शक’ यांच्या नात्याशी त्याचे साम्य स्पष्ट आहे.

या सूत्राचा सर्वांत तपशीलवार वापर अहिंसेच्या निरूपणात आढळतो. ज्ञानेश्वर आधी इतर मतांतील अहिंसेचा परामर्श घेतात. यज्ञासाठी होणारी हिंसा आणि औषधासाठी वनस्पतींचे केलेले छेदन यांना अहिंसा म्हणणाऱ्या मतांतील विसंगती ते दाखवितात. कार्यात्मक व्याख्या करण्यापूर्वी प्रचलित व्याख्यांची छाननी करण्याची ही शिस्त संशोधकाने लक्षात घेण्यासारखी आहे. त्यानंतर ते अहिंसेचे वर्तन अवयवाअवयवांनी सांगतात. चालण्यात ती कशी दिसते? लाट न मोडता पाण्यात पाऊल टाकणाऱ्या बगळ्यासारखी, केसर चुरगळेल या शंकेने कमळावर पाय ठेवणाऱ्या भुंग्यासारखी. बोलण्यात कशी दिसते? असा मनुष्य मुळात बोलतच नाही. बोललाच तर शब्द कोणाला खुपेल काय याचा विचार आधी आणि शब्द मागून. हातांत कशी दिसते? तो खेळतानाही फुलांची माळ झेलीत नाही, कारण ते गोफणीसारखे होईल. पाहण्यातही ती तशीच दिसते. चाल, वाणी, दृष्टी, हात असा हा क्रम आहे आणि प्रत्येक ठिकाणी पाहता येईल अशी कृती दिलेली आहे.

आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. ज्ञानाची लक्षणे संपल्यावर ज्ञानेश्वर अज्ञानाची लक्षणेही तितक्याच विस्ताराने देतात. मूळ श्लोकात याविषयी केवळ एक वाक्यखंड आहे : याहून वेगळे ते अज्ञान. ज्ञानेश्वर मात्र मानाची हाव धरणाऱ्याचे, केलेल्या सत्कर्माचा डांगोरा पिटणाऱ्याचे वर्तन स्वतंत्रपणे रंगवितात. गुणाचा अभाव म्हणजे केवळ रिक्तता न मानता त्यालाही स्वतःची दृश्य लक्षणे आहेत, असे समजून केलेली ही मांडणी आहे. निरीक्षणसूची तयार करणाऱ्याने ‘आक्रमकता नाही’ हा रकाना रिकामा ठेवण्यापूर्वी हे निरूपण वाचावे.

४. लक्षणविचाराच्या मर्यादा

येथवरच्या साम्यावरून तेरावा अध्याय म्हणजे निरीक्षणाची सूची आहे, असा निष्कर्ष काढणे मोहाचे असले तरी चुकीचे ठरेल. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण अनुमानाच्या दिशेचे. ज्ञानेश्वरांचे निरूपण आतून बाहेर जाते. मनात जे नाही ते वाचेत कोठून येणार, बीजावाचून अंकुर कसा फुटणार, असा त्यांचा युक्तिवाद आहे. गुण आहे हे गृहीत धरले की वर्तन कसे असेल ते सांगता येते. निरीक्षकाचा प्रवास उलट दिशेचा असतो. त्याला वर्तन दिसते आणि गुणाकडे जावयाचे असते. बीज असल्यास अंकुर येतो एवढ्यावरून अंकुर दिसला की अमुकच बीज, असे म्हणता येत नाही. एकच दृश्य वर्तन अनेक कारणांतून उद्भवू शकते.

याची साक्ष खुद्द अहिंसेच्या उपमांतच आहे. हळुवार पावलासाठी ज्ञानेश्वरांनी दोन उपमान योजले : भुंगा आणि बगळा. भुंग्याचे पाऊल केसराच्या काळजीने हलके पडते. बगळ्याचे पाऊलही तितकेच हलके आहे, पण त्याची नजर भक्ष्यावर आहे, हे ओवीतच म्हटलेले आहे. दोघांची चाल एकाच मापाने मोजली तर दोन्ही नोंदी सारख्या येतील. एका नोंदीमागे जपणूक आहे, दुसरीमागे शिकार. उपमेचा रोख केवळ पावलाच्या हळुवारपणापुरता आहे, हे काव्याच्या दृष्टीने पुरेसे उत्तर आहे. निरीक्षणपद्धतीच्या दृष्टीने मात्र बगळा हा त्या निरूपणातील सर्वांत उपयुक्त पक्षी ठरतो, कारण वर्तनाचा आकार आणि वर्तनाचा हेतू हे वेगळे आहेत, हे तो एका पावलात शिकवितो. ढोंगी साधूला मराठीने ‘बकध्यानी’ म्हटले ते याच अनुभवावरून.

दुसरे कारण दंभाचे. अदंभित्व सांगताना ज्ञानेश्वर म्हणतात त्याचा आशय असा की, शेतकरी पेरलेले बी मातीने झाकतो तसा ज्ञानी आपले दानपुण्य झाकून ठेवतो. अमानित्वाच्या निरूपणात तर बृहस्पतीइतकी सर्वज्ञता अंगी असूनही मोठेपणाच्या भयाने वेड पांघरणारा पुरुष येतो. याचा अर्थ असा की, ज्याच्याजवळ गुण आहे तो तो लपवितो आणि ज्याच्याजवळ नाही तो तो मिरवितो. अशा गुणांच्या बाबतीत वर्तनाची ठळकता आणि निरीक्षणाची सप्रमाणता एकमेकींच्या विरुद्ध जातात. आपल्याकडे कोणी पाहत आहे हे कळताच माणूस सामाजिक दृष्ट्या इष्ट तसे वागू लागतो, ही आधुनिक संशोधकाची तक्रार आहे. तेराव्या अध्यायात ती गुणांच्या स्वरूपातच अंतर्भूत आहे.

तिसरे कारण असे की काही लक्षणे बाहेरून पाहण्यासाठी नसतातच. चौदाव्या अध्यायातील गुणातीताच्या लक्षणांवर भाष्य करताना शंकराचार्यांनी हा भेद नेमका सांगितला आहे. प्राप्त झालेल्याचा द्वेष नसणे व निवृत्त झालेल्याची आकांक्षा नसणे ही खूण दुसऱ्याला दिसणारी नाही, ती ज्याची त्यालाच कळते, कारण दुसऱ्याच्या मनातील द्वेष वा आकांक्षा कोणी पाहू शकत नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. स्वसंवेद्य आणि परसंवेद्य लक्षणांतील हा भेद आधुनिक मानसशास्त्राच्या इतिहासात अंतर्निरीक्षणवादी व वर्तनवादी यांच्या वादात पुन्हा उभा राहिला. जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये मानसशास्त्राने परसंवेद्य तेवढेच घ्यावे असा आग्रह धरला. शंकराचार्यांच्या मांडणीत दोन्ही प्रकारच्या लक्षणांना जागा आहे. अट एवढीच की एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये. प्रश्नावली की निरीक्षण, हा वाद शिक्षकाने याच भेदाच्या आधारे सोडविला पाहिजे. ज्याची त्यालाच कळणारी गोष्ट त्याला विचारावी. इतरांना दिसणारी गोष्ट पाहावी.

या तीन मर्यादांखेरीज एक उघड उणीव राहते. तेराव्या अध्यायातील ज्ञानी हा आदर्श आहे, पाहिलेली व्यक्ती नव्हे. त्याला नाव नाही, दिवस नाही, ठिकाण नाही. लक्षण आहे, नोंद नाही.

५. लीळाग्रंथांतील नोंद

नोंद म्हणजे काय हे समजण्यासाठी नेवाशातच दुसरे एक उदाहरण आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात येथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. उत्खननात सापडलेल्या खापराचे मोल ते कोणत्या थरात, कोणत्या वस्तूंच्या शेजारी सापडले यावर ठरते. थराची नोंद नसेल तर खापर मुके असते. वर्तनाचेही तसेच आहे. ‘तो रागावला’ हे खापर झाले. कोठे, केव्हा, कोणाच्या कोणत्या बोलण्यावर, हा त्याचा थर.

असा थर जपणारा ग्रंथ ज्ञानेश्वरीच्या थोडा आधी, इ. स. १२७८ च्या सुमारास, सिद्ध झाला. गोदाकाठच्या सराळे गावचे म्हाइंभट यांनी चक्रधरांच्या उत्तरापंथगमनानंतर त्यांच्या लीळा संकलित केल्या. ज्यांनी चक्रधरांना पाहिले, त्यांच्या सहवासात जे राहिले, अशांना भेटून, विचारून, त्यांच्या आठवणी नागदेवाचार्यांपुढे ठेवून त्यांनी हा ग्रंथ रचला. बाइसा, महदाइसा, नागदेव अशा व्यक्ती त्यात नावानिशी येतात. चक्रधर कोणत्या गावी होते, कोणत्या देवळात वा मठात उतरले, कोणी काय विचारले, त्यांनी काय उत्तर दिले, हे छोट्या छोट्या प्रसंगांत येते. प्रसंग बहुधा लहान असतो. त्यात गुणाचे नाव क्वचित, कृती आणि संवाद भरपूर. ‘स्वामी दयाळू होते’ असे सांगण्याऐवजी त्यांनी अमुक वेळी काय केले ते सांगितले जाते. एकाच प्रसंगाच्या भिन्न आठवणी आढळल्या तर त्या भिन्नतेची नोंदही ग्रंथपरंपरेने टिकविली आहे. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेली आवृत्ती या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे.

या नोंदीशी तुलना करण्याजोगा आधुनिक ग्रंथ म्हणजे रॉजर बार्कर व हर्बर्ट राइट यांचा १९५१ मधील ‘वन बॉइज डे’. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका छोट्या गावातील सात वर्षांच्या मुलाचा २६ एप्रिल १९४९ हा संपूर्ण दिवस आठ निरीक्षकांनी आळीपाळीने नोंदविला. मूल उठल्यापासून झोपेपर्यंत काय करते, काय बोलते, कोण त्याच्याशी कसे वागते, याचे ते सलग टिपण आहे. सिद्धान्त आधी न मांडता वर्तनाचा प्रवाह त्याच्या परिसरासह टिपून ठेवावा, पुढच्या अभ्यासकाला त्यातून वेगळे प्रश्न विचारता यावेत, हा त्यामागील हेतू. चक्रधरांविषयीच्या श्रद्धेपासून दूर असलेला भाषाशास्त्रज्ञ किंवा समाजेतिहासकारही लीळाचरित्राकडे वळतो, त्याचे कारण हेच : तपशील टिकला की तो मूळ हेतूच्या पलीकडे उपयोगी पडतो.

फरकही तितकाच स्पष्ट केला पाहिजे. बार्कर व राइट यांचे निरीक्षक त्याच दिवशी लिहीत होते. म्हाइंभटांचे साक्षीदार आठवून सांगत होते. स्मृती निवड करते, आणि गुरूच्या वियोगात केलेली आठवण अधिक कठोरपणे निवड करते. शिवाय मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली व पुढे स्मरणाच्या आधारे तिची पुनर्रचना झाली, अशी परंपरा आहे. त्यामुळे पाठभेदांचा प्रश्न उभा राहतो. साक्षीदारांच्या मतैक्याचा निर्णयही एका अधिकारी व्यक्तीच्या संमतीने होत होता, स्वतंत्र ताडणीने नव्हे. या मर्यादा मान्य करूनही असे म्हणता येते की, साक्षीदार शोधणे, त्याला विचारणे, तपशील ठिकाणासह लिहिणे आणि मतभेद दडपून न टाकणे या चार गोष्टींची शिस्त तेराव्या शतकातील मराठी गद्याने पाळली होती.

६. निरीक्षकाचा प्रश्न

तिसरी अट निरीक्षकाची. म्हाइंभटांच्याच नावे प्रसिद्ध असलेल्या ऋद्धिपूरलीळेत तिची कसोटी लागते. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू हे आजच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे राहत. ते कोणाच्याही घरी शिरत, हाती लागेल ते खात, मनाला येईल तसे हसत, रागावत, खेळत. गावकरी त्यांना वेडे म्हणत आणि त्याच तोंडाने मायबापही म्हणत. ग्रंथ दोन्ही बोल लपवीत नाही. लिहिणाऱ्याच्या लेखी ही ईश्वराची लीळा आहे; तरीही कृतीचे वर्णन करताना तो त्या कृतीला सभ्य रूप देत नाही. अर्थ श्रद्धेचा आहे, पण तपशील अर्थाच्या सोयीसाठी बदललेला दिसत नाही. म्हणूनच अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये इंग्रजीत अनुवादिलेला हा ग्रंथ भक्त नसलेल्या वाचकालाही विचारात पाडतो.

आता तेराव्या अध्यायातील वेड पांघरणारा पुरुष आणि ऋद्धिपूरचे राऊळ शेजारी ठेवून पाहावेत. एकीकडे लक्षण आहे : महिमेच्या भयाने धारण केलेले वेड. दुसरीकडे नोंद आहे : गाव ज्याला वेड म्हणते असे वर्तन. या नोंदीला ते लक्षण लावावे काय? भक्त म्हणेल लावावे. त्या काळचा त्रयस्थ कदाचित नाकारील. आजचा चिकित्सक रोगनिदानाची सूची काढील. नोंद तिघांचीही एकच. निर्णय निरीक्षक कोठे उभा आहे यावर होतो.

डेव्हिड रोझेनहान यांच्या १९७३ मधील प्रसिद्ध अहवालाने हाच प्रश्न आधुनिक संदर्भात विचारला. निरोगी व्यक्ती खोटे लक्षण सांगून मनोरुग्णालयांत दाखल झाल्या आणि नंतर नेहमीप्रमाणे वागू लागल्या. तरी त्यांचे साधे वर्तनही रोगाच्या चौकटीतून वाचले गेले, इतके की वहीत टिपणे लिहिणेही लक्षण मानले गेले, असे त्यात म्हटले होते. या अहवालाच्या सत्यतेविषयी सुझाना कॅहलन यांनी २०१९ मध्ये गंभीर शंका उपस्थित केल्या आहेत आणि आता वर्गात तो निर्विवाद पुरावा म्हणून सांगता येणार नाही. पण या शंकांमुळेच एक धडा अधिक पक्का होतो. निरीक्षकाची मूळ टिपणे तपासता येत नसतील, तर निष्कर्ष कितीही आकर्षक असला तरी त्याला आधार उरत नाही. तेराव्या शतकातील भक्ताने गैरसोयीचा तपशील टिकवावा आणि विसाव्या शतकातील संशोधकाच्या तपशिलावर संशय यावा, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. तटस्थतेची घोषणा आणि तपशिलाचा प्रामाणिकपणा या एक गोष्टी नव्हेत.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

या चिकित्सेचा वर्गात उपयोग कसा करावा, हे एका उदाहरणाने सांगता येईल. आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे कामिका एकादशीला, नेवासे येथे भाविकांची मोठी गर्दी लोटते. दर्शनाच्या रांगेतील ‘संयम’ हा विषय घेऊन विद्यार्थ्यांचे गट करावेत. पहिल्या दिवशी कोणीही रांगेकडे जाऊ नये. संयमाची आणि असंयमाचीही दृश्य लक्षणे लिहून काढावीत. तेराव्या अध्यायाची अवयवाअवयवांनी जाणारी रीत येथे उपयोगी पडेल : पाय, हात, नजर, वाणी. दुसऱ्या दिवशी प्रत्येक लक्षणापुढे बगळ्याचा प्रश्न विचारावा : हेच वर्तन दुसऱ्या कोणत्या कारणाने घडू शकेल? गप्प उभा असलेला मनुष्य संयमी असेल, थकलेला असेल किंवा पुढे घुसण्याची संधी पाहत असेल. तिसऱ्या टप्प्यावर दोन-दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांशी न बोलता ठरावीक कालांतराने तीच जागा पाहून नोंद करावी आणि मग नोंदी ताडून पाहाव्यात. जुळल्या नाहीत त्या नोंदी खोडू नयेत. म्हाइंभटांच्या परंपरेप्रमाणे भिन्न म्हणून ठेवाव्यात.

त्याबरोबर मर्यादाही पाळाव्यात. सार्वजनिक ठिकाणचे वर्तन पाहिले तरी कोणाही व्यक्तीची ओळख नोंदीत येऊ नये, छायाचित्रे घेऊ नयेत, दुःखाच्या वा आजाराच्या प्रसंगी नोंद थांबवून मदत करावी. दुसऱ्याला आपल्या पाहण्याचाही उपद्रव होऊ नये, ही काळजी दृष्टीतील अहिंसेच्या निरूपणात आहेच. आणि भाविकाच्या मनात काय होते हे जाणावयाचे असेल, तर ते त्याच्या चेहऱ्यावरून ठरवू नये. त्याच्या संमतीने त्याला विचारावे. शंकराचार्यांचा भेद येथे संशोधनाच्या नीतीचा भेद होतो.

८. निष्कर्ष

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अदृश्य गुणाला दृश्य लक्षण देण्याचे काम मराठीत प्रथम इतक्या बारकाईने झालेले दिसते. लीळाग्रंथांत दृश्य वर्तनाला ठिकाण आणि साक्षीदार देण्याचे काम झाले. पहिल्याकडे नोंद नाही, दुसऱ्याकडे पूर्वनिश्चित लक्षण नाही आणि दोन्हींकडे स्वतंत्र ताडणी नाही. म्हणून यांपैकी कोणालाही आधुनिक अर्थाने निरीक्षणशास्त्र म्हणणे हा त्या ग्रंथांचा गौरव ठरत नाही. त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. निरीक्षणपद्धतीच्या तीन अटींपैकी कोणतीही एक सुटली तर काय हरवते, हे या ग्रंथांच्या शेजारी ठेवून पाहिले असता मराठी विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत कळते. लक्षणावाचून नोंद आंधळी राहते, नोंदीवाचून लक्षण उपदेश बनते, आणि निरीक्षक स्वतःला विसरला की बगळ्याला भुंगा समजण्याची वेळ येते. मानसशास्त्राच्या वर्गात या ग्रंथांना जागा द्यावयाची ती अभिमानाच्या भाषणासाठी नव्हे, तर या तीन चुका ओळखण्याच्या सरावासाठी द्यावी.